भाच्यांच्या माइनक्राफ्टची सेव्ह १९ जीबी झाली, जग अडखळतंय. कुठला मॉड काढू?

डिचोलीकर_मामा (रवि., २२:४०)

मंडळी, मे महिन्याची सुट्टी लागली की बहिणींची पोरं आमच्याकडे डिचोलीला. एक साखळीचा, दोघं म्हापशाचे. दुपारी उन्हात बाहेर पाऊल टाकवत नाही, मग सगळे माइनक्राफ्टवर. जावा एडिशन, १.२०.१, मॉड चालवणारं फोर्ज, मॉड (गेमला बाहेरून जोडलेली भर) दीडशेच्या आसपास. जग माझ्या पीसीवर उघडतो, 'ओपन टू लॅन' करतो आणि पोरं आपापल्या लॅपटॉपवरून वायफायने येतात. पीसीला १६ जीबी रॅम, एसएसडी, साधारण ग्राफिक्स कार्ड.

पोरांनी अख्खा गाव उभा केलाय. मंगेशीसारखा सात मजली दीपस्तंभ, देवळाची तळी, नगारखाना, राजांगण असलेलं घर, शिवाय समुद्राकडे अर्धवट आग्वादचा किल्ला. त्यामुळे 'नवीन जग करा' हे उत्तर चालणार नाही, आधीच सांगतो.

लक्षणं अशी: जग उघडायला युगं लागतात. देवळाकडे तोंड केलं की चित्र अडकतं. दार उघडलं तर थोड्या वेळाने उघडतं, गाय एका जागी पळत राहते आणि मग एकदम पुढे उडी मारते. अधूनमधून सगळंच गोठतं. सेव्हचा, म्हणजे जग साठवलेला, फोल्डर बघितला तर १९ जीबी. हा आकार कमी केला तर लॅग जाईल का? आणि दीडशेपैकी कुठला मॉड काढू?

उरक_लिंबू (रवि., २२:५२)

नवीन जग करा.

डिचोलीकर_मामा (रवि., २२:५५)

हाच पहिला येणार हे ठाऊक होतं.

खाजेवाला (रवि., २३:०१)

रॅम. दीडशे मॉड म्हणजे जावाला १२ जीबी तरी द्या. लाँचरच्या सेटिंगमध्ये आकडा बदलायचा, मॉडबिड काही काढावा लागत नाही.

पर्वरीची_प्रज्ञा (रवि., २३:३०)

मामा, थांबा, अजून काहीच काढू नका. खाजेवाला, १६ च्या मशीनमध्ये १२ जावाला दिले तर विंडोज आणि ब्राउझरला रॅम उरणार नाही, ते डिस्कवर पाणी भरत बसतील. एवढ्या मॉडना ६ ते ८ जीबी बहुतेक वेळा पुरतात. गरज नसताना जास्त दिले तर रॅममध्ये नको असलेल्या माहितीचा कचरा साचू दिला जातो आणि झाडायला घेतला की थांबाही मोठा होतो.

आता मूळ प्रश्न. तुम्ही एका दमात तीन वेगळी दुखणी सांगितलीत.

गाय जागेवर पळते, दार उशिरा उघडतं, हे टिकचं दुखणं. गेम सेकंदाला २० टिक चालवतो, म्हणजे एका टिकला ५० मिलिसेकंद. तेवढ्यात प्राणी, यंत्रं, पाणी, पिकं सगळ्यांचा हिशेब आटोपला नाही तर जगच हळू चालायला लागतं. लॅनवर हे सगळं काम तुमच्या एकट्याच्या पीसीवर होतं, म्हणून त्रास सगळ्या पोरांना एकाच वेळी होत असणार. विचारून बघा.

देवळाकडे तोंड केलं की चित्र अडकतं, हे फ्रेमचं दुखणं. ते ज्याच्या त्याच्या मशीनचं. एकाला होईल, दुसऱ्याला होणार नाही.

अधूनमधून सगळं गोठतं, हे बहुतेक डिस्कवर लिहिण्याचं.

१९ जीबीचा संबंध आला तर तिसऱ्याशी. गेम अख्खं जग कधीच रॅममध्ये घेत नाही, खेळाडूंच्या आसपासचे चंक, म्हणजे जमिनीचे १६ बाय १६ ब्लॉकचे तुकडे, तेवढे उघडतो. तुम्ही तेरेखोलपासून काणकोणपर्यंत जग फिरून ठेवलंत तरी डिचोलीत उभं असताना काणकोण डिस्कवर झोपलेलं असतं.

उद्या एवढं करा. एफ३ दाबा, 'इंटिग्रेटेड सर्व्हर' असं लिहिलेल्या ओळीत किती मिलिसेकंद दिसतात ते पोरं खेळत असताना बघा. 'स्पार्क' नावाचा मॉड टाका, तो प्रत्येक टिकमध्ये वेळ कोण खातं ते दाखवतो. आणि सेव्हच्या आतल्या प्रत्येक फोल्डरचा आकार वेगवेगळा लिहा. नुसता १९ हा आकडा उपयोगाचा नाही.

फोंड्याची_वहिनी (सोम., ०८:१५)

मला यातलं फार कळत नाही, पण आमच्याकडे मुलाचा लॅपटॉप 'लॅग' होत होता तो गादीवर ठेवत होता म्हणून. खालून हवा जायची वाट बंद, वर मे महिना. पाटावर ठेवायला लावला, पंख्याखाली. बराच फरक पडला. मामा, पोरं कुठे बसतात खेळायला?

डिचोलीकर_मामा (सोम., ०८:४०)

वहिनी, दोघं गादीवरच लोळत असतात. आज पाट देतो.

पर्वरीची_प्रज्ञा (सोम., ०९:०५)

वहिनींना +१. तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. फ्रेमच्या दुखण्यात हे आधी तपासायचं.

ड्रॅगन_ऑफ_दिवाडी (सोम., ११:२०)

प्रज्ञाताईंशी असहमत. 'आकाराचा लॅगशी संबंध नाही' हे सरसकट खरं नाही. मी स्कायरिम या दुसऱ्या गेमवाला. २०११ ची मूळ आवृत्ती ३२ बिट होती, तिच्यात मॉड कोंबून खेळलेल्यांना विचारा. तिथे मॉडच्या स्क्रिप्ट सेव्हमध्येच जाऊन बसतात. मधेच मॉड काढला तरी त्याच्या स्क्रिप्ट सेव्हमध्ये अनाथ होऊन राहतात. सेव्ह फुगत जाते, उघडायला वेळ लागतो, शेवटी क्रॅश. २०१६ च्या स्पेशल एडिशनने ६४ बिट झालं, मेमरीची अडचण सुटली, पण अनाथ स्क्रिप्ट आहेतच. त्या झाडायला रीसेव्हर नावाचं साधन आहे.

म्हणून मामा, फाइल फुगलीय म्हणजे आत काहीतरी कुजतंय हे धरून चाला.

पर्वरीची_प्रज्ञा (सोम., ११:४८)

सरसकट म्हटलंच नाहीये, वर परत वाचा. स्कायरिमची सेव्ह ही एक फाइल, ती एकदमच पूर्ण वाचली जाते, म्हणून ती फुगली की सगळं फुगतं. माइनक्राफ्टचं जग 'रीजन' फाइलींत तुकड्यातुकड्यांनी असतं. एका फाइलमध्ये ३२ गुणिले ३२ म्हणजे १०२४ चंक, जमिनीवर ५१२ गुणिले ५१२ ब्लॉक. लागेल तो चंक तेवढा उचलायचा. दोन्ही गेमना एकच औषध चालत नाही.

'मधेच मॉड काढू नका' यावर मात्र शंभर टक्के सहमत. फोर्जमध्ये मॉड काढून जग उघडलंत की तो आधी इशारा देतो, आणि पुढे गेलात की त्या मॉडचे सगळे ब्लॉक गायब. राजांगणाच्या जागी भोकं.

ड्रॅगन_ऑफ_दिवाडी (सोम., ११:५५)

बरं. कुजतंय हे मागे घेत नाही, पण.

मांडवीकाठ (सोम., १३:१०)

रिमवर्ल्ड नावाच्या गेममध्ये सेव्ह साधी एक्सएमएल असते, नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते. मी एकदा उघडली तर आत वसाहतीतल्या लोकांपेक्षा त्यांचे दूरदूरचे नातेवाईकच जास्त. जगाच्या दुसऱ्या टोकाला असलेले, कधी न भेटलेले, काही तर मेलेले. गेम त्या सगळ्यांची नोंद ठेवतो. चवथीची निमंत्रणाची यादी आठवली.

उरक_लिंबू (सोम., १३:१४)

आणि एकाला काढलं की बाकीचे रुसतात.

डिचोलीकर_मामा (सोम., २१:३०)

आकडे आणलेत.

सेव्हच्या आत: 'रीजन' ५.१ जीबी. 'डेटा' १२.९ जीबी (!). नेदर (गेममधलं दुसरं जग) ०.४. बाकी किरकोळ. बॅकअप घेणारा मॉड आहे, त्याचा फोल्डर सेव्हच्या बाहेर, तो वेगळाच ७० जीबी खाऊन बसलाय. हे आज कळलं.

एफ३ मध्ये पोरं खेळताना ७१ मिलिसेकंदांच्या आसपास. त्रास तिघांनाही एकाच वेळी होतो, प्रज्ञाताई बरोबर.

स्पार्कचा अहवाल म्हणजे लांबलचक झाड. माझ्या समजुतीप्रमाणे सगळ्यात वर प्राणी, त्यात कोंबडी, आणि कोंबडीच्या पोटात 'पुश एंटिटीज' असं काहीतरी. आम्ही तर कोंबड्या पाळलेल्याच नाहीत!

आणखी एक, 'रीजन' फोल्डरमध्ये बाकी सगळ्या एमसीए फाइली, पण एकच वेगळी आहे. शेवटी एमसीसी, नावात १२ आणि उणे ७. व्हायरस नसेल ना?

पर्वरीची_प्रज्ञा (सोम., २२:२०)

व्हायरस नाही, उलट ती फाइल तुम्हाला पत्ता सांगतेय.

आधी एमसीसी. रीजन फाइलमध्ये प्रत्येक चंकला ४ केबीचे जास्तीत जास्त २५५ खण मिळतात, म्हणजे दाबून भरल्यावरही साधारण १ एमबी. एखादा चंक त्यात मावला नाही तर १.१५ पासून गेम त्याची वेगळी एमसीसी फाइल करतो. नावातले आकडे चंकचे. १६ ने गुणा: १२ गुणिले १६ म्हणजे १९२, उणे ७ गुणिले १६ म्हणजे उणे ११२. एक्स १९२, झेड उणे ११२ ला जाऊन बघा, त्या सोळा बाय सोळाच्या चौकोनात काय आहे. साध्या दगडमातीचा चंक इतका मोठा कधीच होत नाही.

आता डेटा. तुमच्याकडे 'डिस्टंट होरायझन्स' आहे ना? दूरचे डोंगर दाखवणारा? त्याचा एसक्यूलाइट डेटाबेस जग ज्याच्या पीसीवर आहे त्याच्या सेव्हच्या 'डेटा' फोल्डरमध्येच राहतो. दूरचं जग आधीच तयार करून ठेवायची सोय चालू असेल तर तुम्ही जिथे पाऊलही टाकलं नाही तिथलीही नोंद त्यात जाते. अंतर जितकं लांब ठेवाल तितकी फाइल मोठी. गेम पूर्ण बंद करून ती फाइल आणि तिच्या नावाच्या सोबतच्या छोट्या फाइली काढल्या तर जगाचा एक दगडही हलत नाही. मॉड पुन्हा हळूहळू भरून काढतो. अंतर मात्र कमी करा, नाहीतर पुन्हा तिथेच. डेटा फोल्डरमधलं दुसरं काही उडवू नका, त्यात नकाशे आणि इतर मॉडचा माल असतो.

कोंबड्यांचं भाच्यांना विचारा.

म्हापशाचा_क्रीपर (सोम., २२:४१)

मामा मी आहे. कोंबड्या देवळाच्या खाली आहेत

डिचोलीकर_मामा (सोम., २२:४३)

तू अजून जागा?

म्हापशाचा_क्रीपर (सोम., २२:४६)

अंडी आपोआप गोळा होऊन आपोआप फुटतात अशी मशीन आहे. आधी २४ च्या वर झाल्या की मरत होत्या म्हणून मी तो नियम शून्य केला. आता मरत नाहीत

पर्वरीची_प्रज्ञा (सोम., २३:०२)

वा रे क्रीपर! मामा, हे घ्या तुमचं टिकचं दुखणं.

एका जागी २४ हून जास्त प्राणी दाटले की गेम त्यांना इजा करतो, असा मूळ नियम आहे. तो शून्य केला की मर्यादाच उरत नाही. आणि खर्च नुसता कोंबड्यांच्या संख्येप्रमाणे वाढत नाही. प्रत्येक कोंबडी प्रत्येक टिकला आपल्याला कोण कोण टेकलंय ते तपासते आणि त्या प्रत्येकीला ढकलते. एकाच खड्ड्यात शंभर कोंबड्या म्हणजे टिकला शंभर गुणिले शंभर धक्के, दोनशे झाल्या की चौपट. 'पुश एंटिटीज' म्हणजे हेच.

नियम परत २४ करा. पण आधी बहुतेक कोंबड्या काढा, नाहीतर एकदम सगळ्या मरून मांस आणि पिसांचा ढीग जमिनीवर पडेल. त्या वस्तू गायब व्हायला ५ मिनिटं लागतात आणि तोवर त्यांचाही भार.

फोंड्याची_वहिनी (सोम., २३:१०)

देवळाच्या खाली कोंबड्या! अरे सोमवार तरी पाळा.

उरक_लिंबू (सोम., २३:११)

एवढ्या कोंबड्या म्हणजे अख्ख्या तालुक्याला शाकुती.

काणकोणचा_कासव (मंगळ., ००:२०)

अंडी गोळा करायला हॉपर (वस्तू ओढून घेणारं नरसाळं) असणार. ज्या हॉपरच्या डोक्यावर काही नसतं तो वर एखादी वस्तू पडलीय का ते सतत शोधत बसतो. डोक्यावर कंपोस्टर किंवा पेटी ठेवली की तो ते शोधणं सोडतो. ज्या हॉपरने जमिनीवरचं उचलायचंय तो सोडून बाकी सगळ्यांवर ठेवा. मोठ्या कारखान्यात फरक दिसतो.

अवांतर: मामा, जून लागायच्या आत पीसीला यूपीएस घ्या. पहिल्या पावसात आमच्याकडे जग सेव्ह होत असतानाच लाईट गेली. मुख्य फाइल बिघडली. लेव्हल डॉट डॅटची जुनी प्रत गेम शेजारीच ठेवतो, शेवटी 'ओल्ड' लिहिलेली, तिचं नाव बदलून जग उघडलं. पण नशीब दरवेळी साथ देईलच असं नाही.

खाजेवाला (मंगळ., ०९:३०)

माझ्या रॅमबद्दल सगळे विसरले.

पर्वरीची_प्रज्ञा (मंगळ., ०९:४१)

विसरले नाही. मामा, सध्या किती दिलीय?

डिचोलीकर_मामा (मंगळ., ०९:५०)

४. लाँचरने आपोआप ठेवलेली.

पर्वरीची_प्रज्ञा (मंगळ., ०९:५२)

मग ८ करा. खाजेवाल्यांना अर्धा गुण.

खाजेवाला (मंगळ., ०९:५३)

१२ पैकी ८ म्हणजे दोन तृतीयांश होतो.

साळ_नदीकाठ (मंगळ., १२:१५)

आमच्या ग्रुपमध्ये उलटा प्रकार झाला होता. जग छान चाललेलं, एकाच मुलाला आत येता येईना. आला की बाहेर फेकला जाई. एररमध्ये २०९७१५२ हा आकडा. तेवढ्या बाइट्सची, म्हणजे २ एमबीची मर्यादा असते, तेवढी माहिती एका दमात नेटवर्कवरून जाते. त्याने बॅकपॅकमध्ये बॅकपॅक, त्यात आणखी बॅकपॅक, आणि प्रत्येकात मंत्र भारलेल्या तलवारी भरल्या होत्या. खेळाडूची फाइल बाहेरच्या साधनाने उघडून बॅकपॅक काढल्यावर आत आला. तलवारी गेल्या म्हणून दोन दिवस बोलला नाही.

मामांच्या दीपस्तंभाचं काय झालं? एमसीसीच्या जागी काय निघालं?

डिचोलीकर_मामा (मंगळ., २०:४५)

दीपस्तंभच निघाला.

साखळीच्या भाच्याने तो 'चिझल्स अँड बिट्स' वापरून कोरलाय. प्रत्येक मजल्याला पणत्यांचे कोनाडे, वर कळस, कोनाड्यांना कमानी. बघितला तर तुम्हीही काढू म्हणणार नाही. पण देवळाकडे तोंड केलं की अडकतं ते यानेच. कोंबड्या काढल्यावर एफ३ मध्ये आकडा ३० च्या आत आला, दारं लगेच उघडतात, गाय चालते. चित्राचं अडकणं मात्र तसंच. एका भाच्याला कमी, पाटावर ठेवल्यापासून. दुसऱ्याला जास्त.

पर्वरीची_प्रज्ञा (मंगळ., २१:१५)

तो मॉड एका ब्लॉकचे १६ गुणिले १६ गुणिले १६, म्हणजे ४०९६ बारीक तुकडे करतो, आणि कोरलेल्या प्रत्येक ब्लॉकची नोंद स्वतंत्र ठेवावी लागते. साधा दगड म्हणजे 'दगड' एवढी नोंद पुरते. अख्खा स्तंभ कोरलेला असेल तर चंक फुगणार आणि ग्राफिक्सही दमणार.

काढायची गरज नाही. भाच्याला विचारा, आतला गाभाही कोरलेल्या ब्लॉकचाच आहे का? बाहेरून जे दिसत नाही ते सगळं साध्या दगडाने भरा. सपाट भिंतीही साध्या. कोनाडे, कमानी, कळस एवढंच कोरीव ठेवा.

म्हार्दोळची_म्हाळू (मंगळ., २२:००)

मंगेशीपर्यंत आलात तर म्हार्दोळची पितळी समईही करा. तांब्याच्या ब्लॉकची होईल, आणि तांबं उघड्यावर हिरवं पडत जातं ते आणखी छान दिसेल.

ड्रॅगन_ऑफ_दिवाडी (मंगळ., २२:०४)

हिरवी समई पुजारी ठेवून घेणार नाहीत. वॅक्स लावा, रंग टिकतो.

म्हार्दोळची_म्हाळू (मंगळ., २२:०६)

पोळ्याचं मेण लावायचं, बरोबर. पण वर पिवळा रंग कुठून आणणार?

साखळीचा_एंडर (बुध., १०:३०)

दीपस्तंभ मी केलाय. आत पूर्ण कोरलेला आहे कारण मी एक ब्लॉक करून तोच सगळीकडे लावत गेलो. आतला बदलतो. बाहेरचा बदलणार नाही.

डिचोलीकर_मामा (शनि., २१:२०)

आतापर्यंतचं सांगतो.

डिस्टंट होरायझन्सची फाइल काढली, अंतर निम्म्याहून कमी केलं. सेव्ह ६ जीबीच्या खाली आली, दोन दिवसांत थोडी वाढलीय. कोंबड्या मोजक्या ठेवल्या, नियम परत २४. रॅम ८. दीपस्तंभाचा गाभा दगडाचा झाला, एमसीसी फाइल नाहीशी झाली. देवळाकडे अजून थोडं अडकतं, पण खेळता येतं. मॉड एकही काढला नाही.

राहिलं ते मधूनमधून गोठणं. आधी १०-१५ सेकंद असायचं, आता २-३. ते कसं घालवू?

पर्वरीची_प्रज्ञा (शनि., २२:००)

दर ५ मिनिटांनी गेम स्वतः सेव्ह करतो, त्याचा झटका छोटा. मोठा थांबा बॅकअपवाल्या मॉडचा, तो अख्खी सेव्ह झिप करतो. म्हणून १९ जीबीला जास्त गोठत होतं, इथे आकाराचा थेट संबंध होता. त्याची वेळ वाढवा, खेळ बंद करताना एकदा घेतला तरी पुरे, आणि जुने किती ठेवायचे त्यालाही मर्यादा घाला. ते ७० जीबी तिथूनच आलेत. सेव्हचा फोल्डर क्लाउडवर आपोआप सिंक होत असेल तर तेही बंद करा.

'रीजन'चे ५ जीबीही कमी करायचे असतील तर 'एमसीए सिलेक्टर' घ्या. प्रत्येक चंकमध्ये खेळाडू किती वेळ आसपास होते याची नोंद असते, ती टिकमध्ये. ६००० टिक म्हणजे ५ मिनिटं. त्याहून कमी वेळाचे चंक निवडून उडवायचे, ज्यांच्यावरून एलिट्राने (गेममधले पंख) नुसते उडत गेलात ते सगळे त्यात येतात. पुन्हा गेलात की जमीन नव्याने तयार होते. पण आधी पूर्ण प्रत बाजूला काढून ठेवा, आणि आग्वाद निवडीत आलाय का ते नकाशावर डोळ्यांनी बघा. घाईत बांधून सोडून दिलेली जागा नेमकी यातच सापडते. याने खेळ वेगवान होणार नाही, फक्त बॅकअप हलका होईल.

डिचोलीकर_मामा (शनि., २२:१५)

मग ते ५ जीबी राहू देत. आग्वादला हात लावायची हिंमत नाही. देव बरें करूं सगळ्यांचं.

फोंड्याची_वहिनी (रवि., ०९:१०)

आमचा मुलगा टॅबवर खेळतो. बेडरॉक की काय म्हणतो. त्याचीही सेव्ह अशीच तपासायची का? एमसीए फाइली शोधल्या, सापडल्या नाहीत.

पर्वरीची_प्रज्ञा (रवि., ०९:३५)

वहिनी, बेडरॉकमध्ये त्या नसतातच. ते जग लेव्हलडीबी नावाच्या डेटाबेसमध्ये ठेवतं, एमसीए सिलेक्टर तिथे चालत नाही. कोंबड्या मात्र तिथेही मोजून बघा.